'द फायटर' बघून मत द्यायचंय? मग आधी कॉर्नरमधे कोण उभं आहे ते बघा

'द फायटर' (२०१०) बद्दल लोकांची मतं वाचायला घेतली की तीच तीन-चार वाक्यं फिरून फिरून येतात. क्रिश्चन बेल बाप माणूस आहे, मार्क वॉलबर्ग अगदीच सपाट वाटतो, ती आई डोक्यात जाते, आणि बॉक्सिंगचा सिनेमा म्हणून बघायला बसलो तर बॉक्सिंगच कमी आहे. यातलं एकही मत चूक नाही, पण इतक्यावर थांबलं की सिनेमा अर्धाच बघितल्यासारखा होतो, आणि मला हा सिनेमा इतका जवळचा आहे की ते बघवत नाही. म्हणून हे सगळं लिहितोय, की नेमकं काय बघायचं आणि मग मत कसं मांडायचं.

बघायला बसण्याआधी थोडी माहिती पुरते. गोष्ट खरी आहे, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लोवेल गावची. कापडगिरण्यांवर उभं राहिलेलं आणि गिरण्या गेल्यावर खचलेलं कामगारांचं गाव, म्हणजे गिरणगाव ज्यांनी जवळून बघितलंय त्यांना तिथली हवा लगेच कळेल. मिकी वॉर्ड आणि डिकी एकलंड हे भाऊ, आई एक पण वडील वेगळे, आणि त्यांना सात बहिणी. डिकी १९७८ मधे शुगर रे लेनर्डसमोर दहा राउंड टिकला, हरला, पण त्या मॅचमधे लेनर्ड एकदा खाली गेला. तो ठोशाने पडला की पाय घसरून, यावरचा वाद राहूच दे, पण त्या एका क्षणावर डिकी पुढची सगळी वर्षं गावात हिरो म्हणून मिरवत राहिला आणि मधल्या काळात क्रॅक म्हणजे कोकेनच्या एका प्रकाराच्या व्यसनात पार बुडाला. धाकटा मिकी (वॉलबर्ग) बॉक्सर, व्यसनी भाऊ डिकी (बेल) त्याचा ट्रेनर, आई मॅनेजर. बस, एवढं माहीत असलं की झालं. आणि हो, सिनेमा अमेरिकेत आर रेटेड आहे, शिव्या आणि ड्रग्ज भरपूर, त्यामुळे लहान मुलांना शेजारी घेऊन बसू नका.

आता मुख्य गोष्ट. मॅच सुरू झाली की आपली नजर आपोआप ठोशांवर जाते, ती एकदा तरी मुद्दाम कॉर्नरकडे, म्हणजे रिंगमधल्या बॉक्सरच्या कोपऱ्याकडे वळवा. राउंड संपल्यावर मिकी स्टुलावर बसतो तेव्हा पाणी कोण देतंय, कानात कोण बोलतंय, दोरखंडाबाहेर कोण उभं आहे आणि कोण नाहीये. माझ्या मते सगळा सिनेमा तिथे आहे. सुरुवातीला कॉर्नर म्हणजे घर, आणि तेच घर त्याला स्वतःपेक्षा कितीतरी जड माणसासमोर उभं करतं, कारण ठरलेला बॉक्सर आजारी पडलाय आणि मॅच झाली नाही तर कोणालाच पैसे मिळणार नाहीत. मिकी मार खातो. मग डिकी तुरुंगात जातो, आई बाजूला होते आणि कॉर्नरमधे मिकी ओ'कीफ येतो, जो खऱ्या आयुष्यात लोवेलचा पोलीस आणि मिकीचा ट्रेनर होता आणि सिनेमात त्याने स्वतःचीच भूमिका केलीये (हे माहीत नसताना बघितलं तर कोणीतरी मुरलेला नट वाटतो). आता सगळं शिस्तीत चालू होतं, मिकी जिंकायला लागतो, आणि आपण प्रेक्षक म्हणून सुटलो एकदाचे असं म्हणतो. पण अल्फॉन्सो सांचेझविरुद्धच्या मॅचमधे तो अडकतो तेव्हा कामी येतो तो तुरुंगातल्या भावाने सांगितलेला प्लॅन. इथे सिनेमा आपल्याला अवघड जागी आणून उभा करतो. ज्या भावाने त्याचं वाटोळं केलं, त्याच भावाला रिंगमधलं सगळ्यात जास्त कळतं, आणि हे मिकीला पक्कं माहीत आहे. घरचे सोडले तर तो सुरक्षित आहे पण अर्धा आहे. शेवटच्या मॅचला कॉर्नरमधे कोण कोण आहे ते मी सांगत नाही, बघा, आणि तिथपर्यंत यायला कोणाकोणाला किती गिळावं लागलं ते आठवा.

वॉलबर्गबद्दल बोलूया, कारण सगळ्यात जास्त अन्याय त्याच्यावर होतो. बेलला ऑस्कर मिळालं, आईच्या भूमिकेतल्या मेलिसा लिओला मिळालं, मिकीची मैत्रीण चार्लीन झालेली एमी अ‍ॅडम्स नॉमिनेट झाली, वॉलबर्गला अभिनयाचं नॉमिनेशनसुद्धा नाही, आणि लोक म्हणतात बरोबरच आहे, तो काही करतच नाही. अहो पण ज्या घरात आई, भाऊ आणि सात बहिणी एकाच वेळी बोलतायत त्या घरातला धाकटा मुलगा कसा असणार? तो गप्पच असणार! सगळे मोठमोठ्याने त्याच्या आयुष्याचे निर्णय घेत असतात तेव्हा बोलणाऱ्याकडे बघू नका, याच्याकडे बघा. तो खाली बघतो, मधेच तोंड उघडतो, कोणीतरी तोडतं, परत मिटतो. अगदी सुरुवातीला दोघं भाऊ सोफ्यावर बसून कॅमेऱ्यासमोर बोलतात तिथेच हे चालू होतं, डिकी सगळी जागा व्यापून टाकतो आणि मिकी त्यातच उरलेल्या फटीत बसतो. दुसऱ्यांदा बघाल तेव्हा फक्त मिकीवर नजर ठेवून बघा, वेगळाच सिनेमा दिसेल. बेल थोर आहेच, पण त्याला तेवढी मोकळी जागा हा गप्प माणूस देतोय.

आईचं, म्हणजे अ‍ॅलिसचं. तिला व्हिलन म्हणून मोकळं होणं सोपं आहे, आणि आपल्याकडे तर दुसरं टोक पण सोपं आहे, की आई ती आईच, ती बाहेरून आलेली मुलगी घर फोडतीये. दोन्ही घाईची मतं आहेत. अ‍ॅलिस मोठ्या मुलाला शोधत क्रॅकच्या अड्ड्यावर येते आणि तो मागच्या खिडकीतून खाली उडी मारून पळायला बघतो, तो सीन नीट बघा. नंतर गाडीत ती रडवेली झालेली असते आणि तो तिला हसवायला एक जुनं गाणं म्हणायला लागतो, हळूहळू ती पण त्याच्यासोबत गाते. बाई फसवली जातीये, तिला ते कळतंय, आणि तरी ती गातीये. थोरल्यावर असलेलं हे आंधळं प्रेम आणि धाकट्याला कमाईचं साधन समजणं, हे एकाच आईत असतं आणि तिला त्यात काही चुकतंय असं मनापासून वाटत नाही. आपल्या ओळखीत अशी एक तरी आई असतेच ना. चार्लीन पण काही देवी नाहीये, ती पण त्याच्यावर हक्क सांगते, फक्त ती त्याच्या बाजूने सांगते.

बहिणींबद्दल मात्र टीका करणाऱ्यांशी मी सहमत आहे. सातही जणींचं एकच टोळकं करून टाकलंय, एकीचंही नाव लक्षात राहत नाही, आणि चार्लीनच्या दारात होणारी मारामारी हशा मिळवते पण त्या बायकांना माणूस म्हणून काही देत नाही.

बॉक्सिंग कमी आहे म्हणणाऱ्यांनी एक बघावं. मॅचेस मुद्दाम टीव्हीवरच्या प्रक्षेपणासारख्या शूट केल्यात, चित्र जरा खरखरीत, आणि कॉमेंट्री एचबीओची त्या वेळची खरी वापरलीये. स्लो मोशनमधे घाम उडतोय असलं फार काही नाही. मिकीचं खरं हत्यार म्हणजे डाव्या हाताचा लिव्हरवरचा हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा. लिव्हर आपल्या उजव्या बरगड्यांखाली असतं, तिथे नेमका ठोसा बसला की एखादा क्षण काहीच होत नाही, माणूस उभा असतो, आणि मग अचानक गुडघ्यातून जातो. शुद्धीवर असतो, सगळं कळत असतं, पण शरीर उठत नाही. डोकं, मग पोट, परत डोकं, परत पोट हा मिकीचा क्रम ओळखायला शिका, मग सांचेझ का कोसळला ते दिसेल, नाहीतर तो नुसता फिल्मी चमत्कार वाटतो.

मत लिहिताना खरं काय घडलं आणि सिनेमाने काय फिरवलं ते वेगळं ठेवा. त्या जड बॉक्सरशी, माइक मंगिनशी, मॅच १९८८ मधे झाली होती, सिनेमाने ती पुढे ओढून गोष्टीत बसवली. १९९० आणि ९१ मधे मिकी लागोपाठ चार मॅच हरला, मग काही वर्षं रिंगपासून लांब होता आणि रस्त्यावर डांबर टाकायचं काम करत होता. सांचेझची मॅच १९९७ ची, सिनेमातली शेवटची, लंडनमधे शे नीअरीला हरवलं ती मार्च २००० ची. आणि ज्या मॅचेसमुळे बॉक्सिंगवाले मिकीला खरं ओळखतात, आर्तुरो गट्टीबरोबरच्या तीन, २००२ आणि २००३ च्या, त्या सिनेमात नाहीतच. पहिली मिकीने जिंकली, पुढच्या दोन गट्टीने. यावरून बरेच जण चिडतात, पण मला दिग्दर्शक डेव्हिड ओ. रसेलचा निर्णय पटतो, कारण भावांचा प्रश्न लंडनमधेच सुटतो. १८ मे २००२ च्या मॅचचा नववा राउंड वेगळा शोधून बघा मात्र, तोच लिव्हरचा ठोसा खरोखरचा दिसेल.

बाकी लिहिण्याची पद्धत साधी ठेवा. 'भारी आहे' किंवा 'बोअर आहे' लिहिलंत तर पुढे एक सीन लिहा, कुठला आणि का. दहापैकी किती स्टार हे शेवटी, आधी नको. दुसऱ्या बॉक्सिंग सिनेमांशी तुलना एका वाक्यात आटपा, कारण हा जिंकण्याचा सिनेमा नाहीये. कोणाची बाजू घेतली असेल, डिकीची, आईची, चार्लीनची, तर ते सरळ सांगा, लपवू नका, आणि तुम्ही घरातले थोरले की धाकटे तेही सांगितलंत तर वाचणाऱ्याला तुमचं मत जास्त कळेल. जमलं तर हा सिनेमा भावंडांबरोबर बघा, आणि संपल्यावर लगेच बोलायला जाऊ नका, आधी प्रत्येकाने आपापलं मत लिहून काढा, मग एकमेकांचं वाचा.