तळघरातल्या संडासाचा जुना पंप बदलताना

तळघरातला संडास रस्त्यावरच्या ड्रेनेज लाइनीपेक्षा खाली असतो. तिथला मैला आधी फरशीतल्या खड्ड्यात साठतो आणि मग पंप तो वर ढकलतो. हा पंप सारखा चालू-बंद व्हायला लागला किंवा जिन्यात वास सुटला, की आपण दुकानात जाऊन नवा पंप आणतो. सांगलीतल्या आमच्या घरी असे दोन पंप आणून झाले. दुखणं होतं नॉन रिटर्न व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे पाणी फक्त वर जाऊ देणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये. शाम्पूची एक पुडी त्याच्या झडपेत अडकली होती, त्यामुळे वर ढकललेलं पाणी पुन्हा खड्ड्यात यायचं आणि पंप तेच पाणी दिवसभर वर-खाली करत बसायचा. म्हणून बदलायचं तर पंप, व्हॉल्व्ह, फ्लोट (पाण्याच्या पातळीनुसार पंप चालू-बंद करणारा तरंगता गोळा) आणि झाकण एकदमच बदला.

काम मे महिन्यातच उरका. पाऊस लागला की जमिनीतलं पाणी वर येतं, जुन्या खड्ड्याच्या भिंतीतून झिरपतं आणि सिमेंटचं काम सुकत नाही.

आदल्या रात्रीपासून संडासाला कडी लावा, कुलूप घातलंत तर उत्तम. पाहुणा नेमका तिथंच जातो. जुन्या पंपाने जेवढं निघेल तेवढं काढा, उरलेला गाळ ओढायला व्हॅक्यूम टँकर बोलवा. खड्ड्यात कोणीही उतरायचं नाही, कितीही उथळ असला तरी, आणि दुसऱ्यालाही उतरवायचं नाही. आत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असतो. तो वाढला की नाकच बधिर होतं, त्यामुळे ‘आता वास येत नाही’ हे हवा चांगली असल्याचं लक्षण नव्हे. पुरेशी साधनं न देता माणसाला अशा टाकीत उतरवणं 2013च्या कायद्याने गुन्हा आहे.

मग पंपाचा एमसीबी (बोर्डावरचा वीज तोडणारा खटका) पाडा, टेस्टरने खात्री करा आणि पाइपाचं युनियन, म्हणजे आट्यांचा सांधा, सोडवा. इथे आम्ही फसलो. व्हॉल्व्हच्या वरच्या पाइपात पाणी उभंच असतं. 2 इंची पाइप 4 मीटर उंच असेल तर ते जवळजवळ 8 लिटर भरतं, आणि युनियन ढिलं झालं की सगळं मनगटावरून थेट बाहीत. खाली बादली धरा, आटे हळूहळू फिरवा. पंप साखळीने वर ओढा, केबलला धरून नको.

नवा पंप एचपी बघून घेऊ नका. खड्ड्याच्या तळापासून पाइपाच्या सगळ्यात उंच टोकापर्यंतचं अंतर टेपने मोजा, त्यात एल्बो (पाइपाची वळणं) आणि घर्षणासाठी एक-दीड मीटर धरा. पंपाच्या पट्टीवर ‘हेड 10 मीटर’ छापलेलं असतं ते कमाल हेड, म्हणजे पंप पाणी जास्तीत जास्त चढवू शकतो ती उंची; त्या उंचीला एक थेंबही बाहेर पडत नाही. दुकानदाराला विचारा, ‘माझ्या उंचीला मिनिटाला किती लिटर?’ 2 इंची पाइपात मैला बसू नये म्हणून 70-80 लिटर तरी हवेत. पंप मैल्याचाच घ्या. विहिरीचा किंवा साध्या गढूळ पाण्याचा पंप आठवड्यात तुंबतो.

बसवताना पंप विटेवर किंवा पक्क्या पायावर सपाट ठेवा, गाळावर नको. नॉन रिटर्न व्हॉल्व्हवरचा बाण वरच्या दिशेला हवा, त्याच्या वर एक गेट व्हॉल्व्ह, म्हणजे हाताने फिरवून बंद करायचा व्हॉल्व्ह. नॉन रिटर्न व्हॉल्व्हच्या खालच्या पाइपाला, खड्ड्याच्या आत, 5-6 मिलिमीटरचं भोक पाडा, नाहीतर हवा कोंडून पंप नुसता घरघरतो. काही पंपांना ते कारखान्यातूनच असतं, माहितीपत्रक बघा.

फ्लोटची दोरी नीट जमवा. दोन फूट चौरस खड्ड्यात पाणी 15 सेंटिमीटर चढलं की साधारण 55 लिटर होतं. चालू आणि बंद यांत एवढं अंतर ठेवलं तर दर फ्लशला पंप सुरू होत नाही. पंप सुरू होण्याची पातळी मात्र येणाऱ्या पाइपाच्या खालीच राहिली पाहिजे. गोळा भिंतीला किंवा पाइपाला घासत नाही ना, हे हाताने हलवून बघा.

झाकण रबरी गॅस्केट घालून आवळा. खड्ड्यातला वायू बाहेर सोडणारी हवेची नळी थेट गच्चीच्या वर न्या. आमच्याकडे ती कुणीतरी जिन्याखालीच तोडून सोडली होती, जिन्यातला वास तिथलाच.

वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या: पक्कं अर्थिंग, 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा खटका), आणि बोर्ड तळघरात नाही, वरच्या मजल्यावर. पातळी वाढली की वाजणारा अलार्मही त्याच वेळी लावून घ्या. शेवटी पाच-सहा बादल्या स्वच्छ पाणी ओतून तीनदा चालवून बघा. पंप थांबल्यावर पाणी परत खळखळत खाली आलं, तर व्हॉल्व्ह उघडून पुन्हा बघा.

2019च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली होती. इशारा पातळी 40 आणि धोका पातळी 45 फूट. नदी फुगली की रस्त्यावरची लाइनच भरते, मग पंप कुठे ढकलणार? म्हणून 40 फुटांची बातमी आली की पंपाचा एमसीबी पाडायचा, गेट व्हॉल्व्ह बंद करायचा, आणि संडासाला पुन्हा कडी.