एसएसपी शिष्यवृत्ती: अर्जाआधी नावं जुळवा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे कॉलेजात जाणाऱ्या पोरांना हमखास मिळणारा सल्ला म्हणजे "आधी फॉर्म टाक, मग बघू." कोल्हापूरचे पाहुणे वर महाडीबीटीचं, म्हणजे महाराष्ट्राच्या शिष्यवृत्ती पोर्टलचं, ज्ञान देतात. दोन्ही सोडा. आपल्याला कर्नाटकचं एसएसपी, म्हणजे स्टेट स्कॉलरशिप पोर्टल, आणि इथलाच जात-उत्पन्न दाखला लागतो. मराठा समाज इथे मागासवर्गीयांच्या ३बी गटात येतो, पाहुण्यांचा दाखला इथे कामाचा नाही.

पोर्टलवर खातं आधार आणि ओटीपीने उघडतं. मोबाइल नंबर स्वतःचा द्या, नेट सेंटरवाल्याचा नको.

खरी गोची नावात. दाखल्यावर आरडीने सुरू होणारा नंबर असतो, तो टाकला की पोर्टल माहिती थेट ओढून घेतं आणि आधारशी ताडून बघतं. आपल्याकडे रेशनकार्डावर 'बाळासाहेब', आधारवर 'बाळू'. दहावीच्या मार्क्स कार्डावर आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी. माणूस एकच हे आपल्याला कळतं, संगणकाला नाही.

दहावीच्या मार्क्स कार्डावरचं नाव प्रमाण धरा. आधी आधार त्याबरहुकूम करा, मगच नाडकचेरीत (दाखले देणारं सरकारी ऑफिस) दाखल्याचा अर्ज द्या. उलटं केलंत तर दाखला परत काढावा लागेल. आधारवर नाव जन्मात दोनदाच बदलता येतं, म्हणून स्पेलिंग कागदावर लिहूनच केंद्रात जा. वडिलांचं नावही तसंच तपासा. दाखला कन्नडमध्ये असतो. शाळेत कन्नड शिकलेल्या पोरालाच तो काउंटरवर अक्षर न् अक्षर वाचायला लावा. तलाठी ओळखीचा आहे म्हणून बिनधास्त राहू नका, टायपिंग तो करत नाही.

पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात. बँकेत केवायसी झाली म्हणजे हे काम झालं असं नव्हे. मायआधार या आधारच्या वेबसाइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' (आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते) उघडा, तिथे दिसेल त्याच बँकेत रक्कम पडणार. सिमकार्ड घेताना नकळत उघडलेलं पेमेंट बँकेचं खातं तिथे दिसलं, तर आपल्या बँकेत सीडिंगचा फॉर्म देऊन बदलून घ्या.

मागासवर्गीय असून वसतिगृहात जागा मिळाली नसेल तर कर्नाटक सरकारच्या विद्यासिरी योजनेचाही विचार करा. जेवण-राहण्यासाठी दरमहा पैसे मिळतात, १० महिने.

अर्ज पाठवला की प्रिंट घेऊन कॉलेजच्या ऑफिसात जा. तिथून पडताळणी झाल्याशिवाय तो पुढे सरकत नाही, आणि क्लार्क आपणहून बोलावत नाही.