भिंतीवरचा वड कुंडीत: वडोदऱ्यातल्या रोपवाटिका आणि गच्चीबागांसाठी पावसाळी बोन्साय सल्ला

मृग लागायच्या सुमारास रावपुरा, दांडिया बाजार, वाडी भागातल्या जुन्या घरांचे कठडे आणि भिंती साफ होतात. पाखरांच्या विष्ठेतून चुन्याच्या सांध्यांत पडून रुजलेले वड, पिंपळ, उंबर, पिंपरी कोयत्याने तोडून कचऱ्यात टाकले जातात. बोन्सायसाठी याहून चांगला माल विकतही मिळत नाही. वर्षानुवर्षं चिमूटभर मातीवर आणि उन्हात तगल्यामुळे या झाडांचं खोड बुंध्याशी जाड आणि वर निमुळतं होतं. विटेला चिकटून मुळं चपटी पसरतात, ती कुंडीत शोभून दिसतात. रोपवाटिकेतल्या पिशवीत वाढलेल्या रोपाला तसा बुंधा यायला बरीच वर्षं लागतात.

डोंगरातून काढलेल्या डग्लस फरच्या बोन्सायचे फोटो दाखवून तेच झाड मागणारं गिऱ्हाईक आलं, तर सरळ नाही म्हणावं. ते उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातलं सूचिपर्णी झाड आहे. हिवाळ्यात कित्येक आठवडे कडक थंडी मिळाली तरच त्याच्या कळ्या वसंतात नीट फुटतात. वडोदऱ्यात जानेवारीतली रात्र सहसा १० ते १२ अंशांच्या खाली जात नाही आणि मेमध्ये पारा ४२ गाठतो. त्या झाडाची रीतही वडाला लावू नये. फर कळ्या फुटण्याच्या आधी काढतात, मुळांभोवतीची जुनी माती शक्य तितकी राखतात आणि ती टप्प्याटप्प्याने काही वर्षांत बदलतात. वड भर उकाड्यात, हवा दमट असताना काढायचा आणि त्याची मुळं धुऊन पूर्ण मोकळी केली तरी चालतं. किंबहुना ती धुवायलाच हवीत. कारण पुढे येईल.

कधी काढायचं

मे महिन्यात फक्त झाडं हेरून ठेवावीत आणि घरमालकाशी बोलून घ्यावं. पिंपळ तोडायला मजूर बरेचदा तयार नसतात. तो मरणार नाही, कुंडीत जाणार आहे, असं सांगितलं की घरमालक आनंदाने देतात. आर्द्राचे एक-दोन चांगले पाऊस झाले की कामाला लागावं आणि मघा नक्षत्रापर्यंत, म्हणजे ऑगस्टअखेर, काढणी आटपावी. सप्टेंबरनंतर काढलेलं झाड पानं फोडतं, पण थंडीच्या आत मुळं धरत नाही. मग उन्हाळ्यात ते वाळतं आणि दोष मात्र पाण्याला दिला जातो.

पावागड-जांबुघोड्याच्या रानातून झाड आणायचा विचार करू नये. जांबुघोडा अभयारण्य आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिथून परवानगीशिवाय झाड काढणं गुन्हा आहे. शहरातल्या भिंती पुरेशा आहेत. जुन्या स्मारकांच्या भिंतींना मात्र हात लावू नये.

निवड आणि काढणी

बुंध्याशी ३ ते ८ सेंटिमीटर जाडीचं, खाली किमान एक फांदी असलेलं झाड घ्यावं. नांद्रुक (वडाच्याच कुळातलं झाड) मिळालं तर प्राधान्य त्याला, कारण पान मुळातच लहान. वडाचं पान मोठं असलं तरी काही वर्षांच्या छाटणीने बरंच आटोक्यात येतं. पिंपळाचा देठ लांब, त्यामुळे लहान कुंडीत तो विसंगत दिसतो. दोन फुटांहून उंच बोन्साय करायचा असेल तरच घ्यावा. पिंपरीची नवी पालवी तांबूस येते आणि तिला मागणीही चांगली असते.

झाड ओढू नये. ओढलं की बारीक मुळं सांध्यातच राहतात आणि हातात नुसता खुंट येतो. बारीक छिन्नी आणि हातोडीने मुळाच्या दोन्ही बाजूंचा चुना मोकळा करावा. जुना चुना मऊ असतो, निघतो. सिमेंटच्या सांध्यात झाड असेल तर फोडाफोड करू नये, तिथे गुटी बांधावी, म्हणजे झाड जागेवर असतानाच खोडाला मुळं फुटू द्यावीत. भार पेलणाऱ्या भिंतीत एका विटेपेक्षा खोल जाऊ नये आणि ओल्या कठड्यावर उभं राहून काम करू नये.

गुटीसाठी खोडाच्या जाडीच्या दीडपट ते दुप्पट रुंदीची साल गोल काढावी. खालचा हिरवट-ओलसर थर सुरीने खरवडून टाकावा. तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मूळ येतच नाही. चीक थांबला की पुसून वरच्या कडेला आयबीएची (मुळं फुटायला मदत करणाऱ्या संजीवकाची) पावडर लावावी, भिजवून घट्ट पिळलेलं मॉस (शेवाळ) मूठभर बांधावं, वर पारदर्शक प्लास्टिक आणि त्यावर कापड गुंडाळावं. पावसाळ्यात चार ते सहा आठवड्यांत प्लास्टिकमधून मुळं दिसतात. पांढरी मुळं तपकिरी होऊ लागली की खाली कापावं.

मुळासकट काढलेल्या झाडाची उंची तेव्हाच कमी करावी. बुंध्याच्या जाडीच्या सहापट उंची हा अंदाज ठेवला तर सहसा चुकत नाही. चीक डोळ्यात जाऊ देऊ नये. कापावर गार पाणी फवारलं की तो लवकर थांबतो. मोठ्या कापांना बोर्डो पेस्ट लावावी: १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना वेगवेगळे अर्धा-अर्धा लिटर पाण्यात भिजवून मग एकत्र करायचे, तेही प्लास्टिकच्या भांड्यात. लोखंडी डब्यात केली तर मोरचूद डब्यालाच खातो. मुळांना पेस्ट लावू नये.

माती आणि लागवड

मुळांना चिकटलेला चुना जुन्या टूथब्रशने आणि पाण्याने पूर्ण काढावा. तो राहिला तर मातीचा सामू (पीएच) चढतो, झाडाला लोह मिळत नाही आणि नव्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. बोअरच्या जड पाण्यानेही हेच होतं. म्हणून पावसाचं पाणी पिंपात साठवून तेच वापरावं. पिवळेपणा दिसलाच तर लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक अॅसिड मिसळून संध्याकाळी पानांवर फवारावं.

काळी माती अजिबात नको. ती भिजली की फुगते आणि सुकली की भेगा पडून बारीक मुळं तुटतात. मिश्रण असं करावं: तीन भाग विटेचे ३ ते ६ मिलिमीटरचे तुकडे, एक भाग नदीची भरड वाळू, एक भाग चाळलेलं गांडूळखत. तुकड्यांतली धूळ चाळून टाकलीच पाहिजे, नाहीतर तीच तळाला बसून चिखल होतो. वीट पक्की भाजलेली हवी. कच्ची वीट वर्षभरात विरघळते. झाड ज्या वाड्यातून आलं तिथल्याच पाडकामातली जुनी वीट बहुधा चांगली निघते, फक्त चुना खरवडून घ्यावा.

पहिली दोन वर्षं बोन्सायची उथळ कुंडी नको. १२ ते १४ इंच रुंद, ६ ते ८ इंच खोल कुंडी किंवा क्रेट घ्यावा. भोकांवर जाळी ठेवावी आणि भोकांतूनच तार वर काढून बुंधा घट्ट बांधावा. वाऱ्याने झाड हललं की रोज फुटलेली नवी मुळं रोज तुटतात. पावसाळ्यात मरणारी निम्म्याहून जास्त झाडं कुजून नव्हे, अशी हलून मरतात, असं आमचं मत आहे. कुंडी विटांवर उचलून ठेवावी, खाली बशी ठेवू नये.

पुढचे तीन महिने

५० टक्के सावली देणाऱ्या हिरव्या जाळीखाली तीन-चार आठवडे ठेवावं. दहा-पंधरा दिवसांत कोंब येतात आणि इथेच घाई होते. पहिली पालवी खोडात साठलेल्या अन्नावर येते, मुळं असोत वा नसोत. तिच्या भरवशावर खत घालून झाड उन्हात ठेवलं की आठवड्यात पानं लोंबतात. पहिली पानं जून होऊन दुसरी पालवी निघाली, तरच मुळं लागली असं समजावं. तोवर खत, फांद्यांना वळण द्यायची तार, छाटणी काहीही नको. त्यानंतर महिन्यातून दोनदा आठवडाभर कुजवलेल्या शेंगपेंडीचं पाणी दहापट पातळ करून द्यावं.

पहिल्या वर्षी फांद्यांना तार लावूच नये. हवा तो कोंब पेन्सिलीएवढा जाड होईपर्यंत वाढू द्यावा, मग दोन पानांवर छाटावा. तिथून दोन फांद्या फुटतात. दुसऱ्या पावसाळ्यात फांदीच्या एक तृतीयांश जाडीची अॅल्युमिनियमची तार ४५ अंशांत गुंडाळावी. या दिवसांत वड इतका झपाट्याने जाड होतो की दर दहा दिवसांनी तार पाहावी लागते. ती रुतू लागली की उलगडत बसू नये, तुकडे करून काढावी. तारेचे वळ वर्षानुवर्षं जात नाहीत.

पारंब्या हव्या असतील तर त्याही याच दमट दिवसांत. खोडावर टोक दिसताच त्यावर ओलं मॉस भरलेली स्ट्रॉ मातीपर्यंत उभी लावावी. नोव्हेंबरपासून हवा कोरडी होते, मग टोकं वाळतात.

पिठ्या ढेकणासाठी लिटरला ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण पुरतो, पण आधी कुंडीकडे येणारी मुंग्यांची रांग तोडावी. नांद्रुकाची दुमडलेली पानं फवारून सुधारत नाहीत. आत फुलकिडे असतात, ती पानं तोडून पिशवीत बंद करून टाकावीत.

डिसेंबर-जानेवारीत पाणी कमी करावं. उत्तरायणाच्या आदल्या दिवशी कुंड्या गच्चीवरून खाली आणाव्यात. मांज्यात अडकून फांद्या तुटतात आणि गर्दीत कुंड्या फुटतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिंपळ आणि पिंपरी पानं गाळतात, तेव्हा घाबरून जास्त पाणी देऊ नये. एप्रिलपासून पुन्हा जाळी आणि सकाळ-संध्याकाळ पाणी. गच्चीतल्या नळीत साठलेलं गरम पाणी आधी बाहेर जाऊ द्यावं. तिसऱ्या वर्षीच्या आर्द्रात एक तृतीयांश मुळं छाटून झाड उथळ कुंडीत हलवता येतं.