‘असंच राहू दे’ म्हटल्यावर वेग वाढवू नका: मुखमैथुनात या चुका टाळा

स्त्रीला मुखमैथुनाचं सुख देताना सगळ्यात मोठी चूक अगदी शेवटी होते. तिचा श्वास वाढलेला असतो, मांड्या ताठरतात, ती म्हणते, ‘हां, असंच.’ आणि नेमका तेव्हाच जोडीदार वेग वाढवतो, जोर लावतो किंवा जीभ भलतीकडे नेतो. करतो तो उत्साहानेच, पण जमत आलेलं सगळं विरून जातं आणि तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ‘असंच’ म्हणजे असंच: तीच जागा, तोच दाब, तीच लय. जीभ दमत असेल तर ती ताणून टोकदार करू नका. सैल, पसरट ठेवा आणि डोकं हलकेच हलवा. तिच्या कमरेखाली उशी घेतली की तुमची मानही अवघडत नाही.

याच्या उलट चूक सुरुवातीला होते, ती घाईची. क्लिटोरिस, म्हणजे शिश्निका, बाहेरून दाण्याएवढी दिसते, पण तिचा बराचसा भाग आत, योनिमार्गाच्या दोन्ही बाजूंना पसरलेला असतो. ऑस्ट्रेलियाच्या मूत्रशल्यचिकित्सक हेलन ओकॉनेल यांनी १९९८ मध्ये ही रचना नीट मांडली. २०२२ मध्ये अमेरिकेत शिश्निकेतले मज्जातंतू मोजले, ते सरासरी १०,००० हून जास्त भरले. इतक्या नाजूक जागी आल्याआल्या जोरात जीभ लावली तर सुख राहिलं बाजूला, झिणझिण्या येतात. आधी मांड्या, मग बाहेरच्या पाकळ्या, मग शिश्निकेच्या टोकावरच्या त्वचेच्या आवरणावरून. अनेकींना शेवटपर्यंत आवरणावरूनच बरं वाटतं. कुणाला डावी बाजू आवडते, कुणाला उजवी. विचारा: ‘इथे की जरा वर?’ मोघम ‘आवडतंय का?’ला बहुतेकजणी मन राखायला ‘हो’ म्हणून टाकतात.

‘हे झालं, आता खरं सुरू करू’ ही समजूतही सोडा. केवळ संभोगाने परमसुख मिळत नाही अशा स्त्रिया खूप आहेत. र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ या आपल्या मासिकातून १९२७ पासून स्त्रीच्या कामसुखाबद्दल मराठीत उघड लिहीत होते, त्यासाठी त्यांनी खटले सोसले. तरी आजही हे बोलायला आपण कचरतो, याचं मला फार वाईट वाटतं.

वासाच्या भीतीने ती स्वतःच ‘नको’ म्हणते, असंही होतं. निरोगी योनी किंचित आंबटसरच असते, तिचा सामू (आम्लतेचं माप, pH) साधारण ३.८ ते ४.५. बाहेरून पाणी पुरे. आत साबण, सुगंधी वॉश काही नको. माशासारखा वास, खाज किंवा दह्यासारखा स्राव असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. पण तुम्ही एकदा तोंड वाकडं केलंत, तर ते ती वर्षानुवर्षं विसरत नाही. आणि तिचं ‘नको’ हे ‘नको’च धरा, मनधरणी करू नका.

मध किंवा चॉकलेट तिथे लावू नका, साखरेने बुरशीचा संसर्ग बळावू शकतो. मिरच्या चिरल्या असतील, ठेचा किंवा तंबाखू खाल्ली असेल तर हात आणि तोंड नीट धुवा. नाहीतर आग होते. दाढीचे खुंटही टोचतात. योनीत हवा मात्र कधीच फुंकू नका, गरोदरपणात तर ते जिवावर बेतू शकतं. ओठावर तापाचे फोड आले असतील तर ते पूर्ण बरे होईपर्यंत थांबा, कारण त्यातला हर्पिसचा विषाणू तिच्या योनीलाही लागतो. एरवी संसर्गाची शंका असेल तर कंडोम लांबीत कापून त्याचा चौकोनी पडदा मध्ये धरता येतो.