रंगाला हात लावू देण्याआधी

गाडी पॉलिश करायला दुकानात देण्याआधी करायच्या कामांची ही यादी, आणि त्यातलं पहिलं काम रात्रीचं आहे. गाडी सकाळी धुऊन घेतलेली असू द्या आणि जेवणं उरकली की बॅटरी घेऊन पार्किंगमध्ये उतरा. मोबाइलचा टॉर्चही चालतो. बोनेटपासून हातभर अंतरावर उजेड धरा आणि सावकाश सरकवत न्या. उजेडाभोवती कोळिष्टकासारखी बारीक रेघांची गोल जाळी दिसेल, आणि टॉर्च हलवला की जाळीही सोबत सरकेल. या रेघा मुळात गोल नसतात, कशाही उभ्याआडव्या असतात. उजेडाला आडव्या पडणाऱ्या तेवढ्या चमकतात, म्हणून गोल भासतात. यांनाच स्वर्ल मार्क म्हणतात. गाडी जुनी नसतानाही रंग मेलेला वाटतो तो बहुतेक वेळा यांच्यामुळेच.

मग एकेक ठळक ओरखडा शोधून त्यावरून आडवं नख फिरवा. नख अडकलं नाही, तर तो ओरखडा पॉलिशने जाण्याची किंवा निदान पुसट होण्याची आशा आहे. नख अडकलं, तर तो पॉलिशने जाणार नाही. तो घालवायचा हट्ट धरलात, तर आजूबाजूचा चांगला रंग उगाच खरवडला जाईल. त्याला टचअप करा किंवा तो पॅनल रंगवून घ्या. प्रत्येक दार, बोनेट, छत, डिकी, दोन्ही बंपर, सगळ्यांचे फोटो काढा आणि कुठे काय आहे ते वहीत लिहा. हा कागद पुढे दोनदा लागतो, गाडी देताना आणि घेताना.

हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून धुतलेल्या बोनेटवरून बोटं फिरवून पाहा. नुसत्या बोटांना जे कळत नाही ते पिशवीतून कळतं. वाळू चिकटल्यासारखं खरखरीत लागलं, तर रंगात काहीतरी रुतून बसलं आहे. आमची इमारत मुलुंडला रेल्वेलाइनच्या कडेला आहे. दर दोन-तीन मिनिटांनी लोकल जाते आणि ब्रेकची, रुळांची लोखंडी पूड वाऱ्यावर येऊन गाड्यांवर बसते. पांढऱ्या गाडीवर हे कण पुढे गंजून नारिंगी ठिपके होतात. लाइनच्या कडेला, मेट्रोच्या कामाजवळ किंवा पुनर्विकास चाललेल्या इमारतीखाली गाडी उभी राहत असेल, तर तेही वहीत लिहा. सिमेंटचं पाणी वाळून पांढरे ओघळ बसले असतील, तर ते नखाने किंवा ब्लेडने खरवडू नका. दुकानात दाखवा, ते विरघळवून काढावे लागतात.

हे सगळं इतक्या बारकाईने का, तर रंग फार पातळ असतो. कंपनीतून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. सगळं मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतं, काही गाड्यांत त्याहूनही कमी. त्यातला क्लिअर कोट असतो 35 ते 50 मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस साधारण 70 मायक्रॉनचा धरतात, म्हणजे चकाकी आणि उन्हापासूनचं संरक्षण देणारा थर केसाहूनही बारीक आहे. पॉलिश म्हणजे ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट घासून सपाट करणं. जोरकस कंपाउंड, म्हणजे खरखरीत पॉलिश, मारलं की दोन-पाच मायक्रॉन सहज जातात, आणि गेलेले परत येत नाहीत. दर दिवाळीला रबिंग करून घेणारे लोक पाहिले की मला मनापासून वाईट वाटतं. ही पुंजी गाडीच्या जन्मासोबत एकदाच मिळते.

माझ्या गाडीची थोडी पुंजी अशीच गेली. 2016 साली एका वॉशिंग सेंटरमध्ये मी रबिंग करून घेतलं. मुलाच्या हातात रोटरी, म्हणजे एकाच जागी गरगर फिरणाऱ्या चकतीचं मशीन होतं, रंगाची जाडी मोजणारा मीटर नव्हता आणि घाई होती. मागच्या डाव्या दाराच्या कडेला अंगठ्याएवढा डाग पडला, निस्तेज, खडूसारखा. कडांवर रंग आधीच पातळ असतो, आणि तिथेच मशीन जास्त वेळ टेकलं. क्लिअर कोट पार गेला होता. घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी उन्हात तो दिसला, तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. दार नव्याने रंगवावं लागलं.

म्हणून दुकान निवडताना पहिला प्रश्न मायक्रॉन मीटरचा. मीटर असेल तर प्रत्येक पॅनलवर चार-पाच ठिकाणी लावून आकडे लिहून द्यायला सांगा. सेकंडहँड गाडी असेल तर हे आकडे तिचा पूर्वेतिहासही सांगतात. एका दाराचा आकडा 200च्या वर गेला, तर ते पुन्हा रंगवलं असण्याचीच शक्यता मोठी, आणि 500-1000च्या पुढे गेला तर खाली लांबी म्हणजे पुट्टी भरली आहे. बंपर प्लॅस्टिकचा असल्यामुळे हा साधा मीटर तिथे चालत नाही, तिथे हात हलकाच ठेवायला सांगा. दुसरा प्रश्न मशीनचा. ड्युअल अॅक्शन मशीनची चकती फिरता फिरता डोलतेही. ते रोटरीपेक्षा सावकाश काम करतं, पण रंग जाळण्याचा धोका त्यात पुष्कळ कमी. मुरलेला कारागीर रोटरीवरही सुरेख काम करतो, पण तुम्ही त्याला ओळखत नसाल तर ड्युअल अॅक्शनचाच आग्रह धरा.

तिसरा प्रश्न जरा धीर करून विचारायचा: "पॉलिश झाल्यावर आयपीएने पुसून दाखवाल का?" आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. काही पॉलिशमध्ये तेल आणि भराव असतो, तो ओरखड्यात बसतो आणि गाडी आरशासारखी दिसते. चार धुण्यांत तो निघून जातो आणि जाळी परत दिसू लागते. अल्कोहोलने पुसल्यावरही जे चकाकतं ते खरं काम. चांगला माणूस या प्रश्नाने खूश होतो, हे मी दोन-तीन ठिकाणी अनुभवलं आहे. दुकानात गेल्यावर खाली जमिनीकडेही पाहा. धूळ असेल, उघड्यावर उन्हात काम चालत असेल, मशीनचे पॅड जमिनीवर पडले असतील, तर चहा घ्या आणि गाडी घेऊन घरी या.

सिरॅमिक कोटिंगबद्दल थोडक्यात सांगतो. तो पातळ थर पाणी आणि मळ चिकटू देत नाही, धुणं सोपं करतो. खडी उडाली किंवा बाइकचा हँडल घासला तर तो वाचवत नाही. पाकिटावरचा '9एच' हा पेन्सिलच्या कठीणपणाच्या मापाचा आकडा आहे, हिऱ्यामाणकांच्या मापाचा नाही. खडीपासून वाचायचं असेल तर पीपीएफ म्हणजे पारदर्शक फिल्म. ती महाग आहे, पण ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर रोज डंपरच्या मागे असाल तर निदान बोनेट आणि पुढच्या बंपरपुरती परवडते का पाहा. वॉरंटी कार्डावर ठरावीक मुदतीने त्यांच्याकडेच सर्व्हिस करायची अट असते, ती सही करण्याआधी वाचा.

तारीख ठरवताना मुंबईचं आभाळ बघा. पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास येतो आणि ऑक्टोबर उजाडेपर्यंत रेंगाळतो. बंद जागेत पॉलिश पावसातही होतं, पण कोटिंगला पहिला दिवसभर तरी पाणी लागता कामा नये. शिवाय दमट हवेत कोटिंग लावल्यावर ते पुसून घेण्याची वेळ बदलते, अंदाज चुकला तर तेलकट इंद्रधनुषी पट्टे राहतात. मी नोव्हेंबर ते फेब्रुवारीमधला आठवडा धरतो. दसऱ्याआधी गाडी चकाचक हवी असं वाटणं साहजिक आहे. तेव्हा करून घेतलीत तर ओल्या कुंकवाचा स्वस्तिक बोनेटवर न काढता काचेवर काढा आणि झेंडूचा हार तारेने न बांधता सुती दोऱ्याने बांधा. तारेचं टोक एका दिवसाच्या प्रवासात ग्रिलवर आणि बोनेटच्या कडेवर चरे पाडतं.

आता यादीतलं सर्वांत मोठं काम, आणि ते गाडी देण्याच्या महिनाभर आधी सुरू करायचं. गाडी धुण्याची पद्धत बदलायची. रात्री टॉर्चमध्ये दिसलेली जाळी बहुतांशी रोजच्या पुसण्यातून आलेली असते. आमच्याकडे येणारे काका पहाटे पाच ते आठमध्ये पंचवीस गाड्या करतात. एक बादली, एक फडकं. पहिल्या गाडीची माती बादलीत उतरते आणि तीच पंचविसाव्या गाडीवर घासली जाते. त्यांना मिळतात तेवढ्या पैशांत आणि वेळेत याहून वेगळं कोणालाच जमणार नाही. त्यामुळे बोलणं त्यांच्याशी नीट बसून करायचं. मी म्हटलं, "काका, आजपासून रोज फक्त काचा पुसा. बॉडीला कोरडं फडकं लावायचं नाही. रविवारी मी खाली येतो, आपण दोघं मिळून धुऊ." ते म्हणाले, "साहेब, रोज पुसली नाही तर धूळ दिसेल. बाकीचे म्हणतील, हा कामच करत नाही. पैसे कापाल." पैसे तेवढेच राहतील हे मी आधी सांगायला हवं होतं. तुम्ही आधी सांगा.

त्यासाठी सामान थोडंच लागतं. दोन बादल्या, एक शॅम्पूची आणि एक मिट (गाडी धुवायचा हातमोजा) खळबळायची, दोन्हींच्या तळाला जाळी म्हणजे माती खाली बसते. एक मायक्रोफायबर मिट, गाडीचा न्यूट्रल पीएचचा शॅम्पू (भांड्यांचा साबण नको, तो रंगावरचं मेण उतरवतो) आणि सुकवायला एक जाड टॉवेल. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर हे सगळं एका फेरीत मिळतं. चाकांसाठी मात्र वेगळं फडकं ठेवा आणि त्याला खूण करा. पाण्याचंही बघा. पालिकेचं पाणी तानसा, वैतरणा, भातसाच्या जलाशयांतलं, म्हणजे साठवलेलं पावसाचंच, त्यात क्षार कमी. टँकरचं किंवा बोअरवेलचं पाणी उन्हात वाळलं की पांढरी वर्तुळं उमटतात, आणि राहू दिली तर ती क्लिअर कोटमध्ये रुततात. बोअरचं पाणी असेल तर सावलीत धुवा आणि लगेच सुकवा.

डेंटिंग-पेंटिंग बाकी असेल तर ते आधी, पॉलिश नंतर. नव्या रंगावर कोटिंग किंवा फिल्म लावण्याआधी महिना-दोन महिने जाऊ द्यावे लागतात, म्हणून कोणता पॅनल कधी रंगवला ते दुकानदाराला सांगा. आधी कोटिंग झालं असेल तर तेही. आदल्या दिवशी गाडी रिकामी करा: डॅशबोर्डवरचा गणपती, कागदपत्रं, डिकीतली छत्री आणि चपला. नंबरप्लेट, रबरच्या पट्ट्या आणि काळं प्लॅस्टिक यांवर मास्किंग टेप लावायला सांगा. हाय सिक्युरिटी प्लेटच्या अक्षरांवरची काळी फिल्म मशीनखाली घासली जाऊ शकते, आणि रबरात शिरलेलं कंपाउंड वाळून पांढरं झालं की काढताना जीव जातो.

गाडी देताना फोटो आणि वही सोबत न्या आणि टेस्ट स्पॉट होईपर्यंत थांबा. बोनेटचा हातभर तुकडा टेपने आखून तिथे सर्वांत हलकं पॉलिश आणि मऊ पॅड आधी वापरून बघायचं, पुरलं नाही तरच पुढची पायरी. त्याआधी धुणं, लोखंड काढणारा स्प्रे आणि क्ले (मातीसारखी मऊ वडी फिरवून रुतलेले कण उचलणं) होतो. माझ्या गाडीवर तो स्प्रे मारल्यावर मिनिटाभरात छतावरून जांभळे ओघळ वाहू लागले, जांभळाचा रस सांडल्यासारखे. इतकी वर्षं लाइनच्या कडेला उभं राहून साठलेलं ते लोखंड होतं. त्यानंतर पिशवी चढवून हात फिरवला तर बोटं काचेवरून सरकावीत तशी सरकली. मशीन अजून चालूही झालं नव्हतं.

परत घेताना दुकानातल्या दिव्यांवर विसंबू नका, गाडी उन्हात बाहेर काढायला सांगा. मशीनच्या फिरण्याचे धुरकट पट्टे राहिलेत का, कडा शाबूत आहेत का, दाराच्या मुठींमागे आणि रबरात पांढरं उरलंय का, हे वहीशी ताडून बघा. खोल ओरखडे पूर्ण गेलेले नसतील. कारागिराने तिथे थांबायचं ठरवलं असेल, तर त्याचे आभार माना.

कोटिंग झालं असेल तर पहिला दिवस पाणी नाही, आठवडाभर शॅम्पू नाही. गाडी उभी करायची जागाही पाहून ठेवा. कबुतरांच्या छज्जाखाली नको, आणि मे-जूनमध्ये जांभळाखाली नको. कबुतराची विष्ठा उन्हात काही तासांत रंगात खड्डा पाडते. दिसली की ओला टॉवेल त्यावर पाच मिनिटं ठेवा, मऊ होऊ द्या आणि मग उचला. घासायचं नाही.

गाडी घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी खाली उतरलो होतो. काका बादली घेऊन आले, बोनेटकडे बघत उभे राहिले आणि त्यांनी हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. "काच तेवढी पुसतो," ते म्हणाले. मी नवं मायक्रोफायबर त्यांच्या हातात दिलं, आणि त्यांच्या नेहमीच्या बादलीशेजारी दुसरी ठेवली.