दारू सुटल्यावर 'एखादा पेग' चालतो का? ठरवायचं कसं

दारू सोडून वर्ष-दीड वर्ष झालं, तब्येत सुधारली, घरचे परत नीट बोलायला लागले की हा प्रश्न हमखास डोक्यात येतो, आता सगळं कंट्रोलमधे आहे तर कधीतरी एखादा घेतला तर काय बिघडतं?

आधी स्वतःचा मागचा हिशोब काढा, आणि खरा काढा. सकाळी हात थरथरायचे का, ते थांबवायला घोट घ्यावा लागायचा का, सोडताना फिट आली होती का? यातल्या एकाचं जरी उत्तर हो असेल तर माझ्या मते विषय संपला, झिरो म्हणजे झिरो. लिव्हर सिरॉसिस असेल तर डॉक्टरही तेच सांगतात. बाकी शरीराला तेवढी सवय लागलीच नव्हती अशांपैकी काहींना कमी पिणं जमतं, हे खोटं नाही.

१९६२ मधे लंडनच्या डेव्हिस नावाच्या डॉक्टरने लिहिलं की ९३ पैकी ७ पेशंट आता नॉर्मल पितात, केवढा गदारोळ झाला त्यावर! पण १९८५ मधे त्याच सात जणांची परत चौकशी झाली तर पाच जणांचं पिणं डेव्हिसने लिहिलं तेव्हाही बिघडलेलंच होतं नि नंतरही, उरले दोन, आणि त्यातल्या एकाला मुळात तेवढं जबर व्यसन नव्हतंच.

मी स्वतः करून बघितलंय. फक्त शनिवारी, दोनच, ३० एमएलच्या मापाने. पहिले तीन शनिवार मस्त गेले, माप धुवून पुसून ठेवायचो. चौथ्या आठवड्यात शनिवार शुक्रवारीच उजाडला, मग माप सिंकमधे पडून राहिलं आणि मी अंदाजाने ओतायला लागलो. खरं सांगू, पिण्यापेक्षा दिवसभर त्या दोन पेगचा विचार करून जास्त दमायचो.

तरी ट्राय करणारच असाल तर आधी डॉक्टरशी बोला, तलफ कमी करणाऱ्या नालट्रेक्सोनबद्दल विचारा. डायसल्फिराम (दारू घेतली की त्रास व्हावा म्हणून देतात ती गोळी) चालू असेल तर अजिबात नाही, शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत रिॲक्शन येऊ शकते. किती घेणार तो आकडा आधीच लिहून घरातल्या एकाला दाखवा, एकदा जरी मोडला की प्रयोग बंद, "आजच्या दिवस" वगैरे नाही.

आणि रोजची परत सुरू झालीच असेल तर लाजेपोटी स्वतःला कोंडून घेऊन एका झटक्यात बंद करू नका, दोन-चार दिवसांत फिट येणं, भास होणं सुरू होऊ शकतं, जीवावर बेतू शकतं. सरळ डॉक्टरकडे जा आणि रोज किती व्हायची ते निम्मं करून सांगू नका.