लॅपटॉपवरचे चित्रीकरण टीव्हीवर नीट दिसत नसेल तर

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी गणपतीच्या दिवसांत पाहुणे जमले, की दुपारी कुणाच्या तरी लॅपटॉपमधले मुंजीचे नाहीतर लग्नाचे चित्रीकरण टीव्हीवर लावायचे ठरते आणि नेमकी तेव्हाच पडद्यावर ‘नो सिग्नल’ ही पाटी येते. अशा वेळी घाईने सेटिंगमध्ये शिरू नये. केबलपासून सुरुवात करावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी, कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही.

टीव्ही भिंतीवर टांगलेला असला की मागे हात पोहोचत नाही आणि एचडीएमआय केबलचे (लॅपटॉपमधले चित्र आणि आवाज टीव्हीला पोहोचवणाऱ्या तारेचे) टोक अर्धवट बसते. गेल्या वर्षी आमच्याकडे ते दोन-तीन मिलिमीटर बाहेर राहिले होते. चित्र येई आणि कुणी दार जोरात लावले की जाई. टोक पूर्ण बाहेर काढून सरळ शेवटपर्यंत बसवावे आणि केबल ज्या पोर्टात आहे, त्याच क्रमांकाचा सोर्स रिमोटवरून निवडावा. लॅपटॉपला फक्त टाइप-सी पोर्ट असेल, तर त्यातून चित्र बाहेर जाते का, हे आधी पाहावे. प्रत्येक टाइप-सी पोर्टात ती सोय नसते.

केबल ठीक असूनही टीव्ही कोराच राहिला, तर विंडोजमध्ये विंडोज आणि पी ही बटणे एकत्र दाबून ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ निवडावे. चित्र आले पण आवाज लॅपटॉपमधूनच येत असेल, तर खालच्या पट्टीवरील स्पीकरच्या चिन्हातून टीव्हीचे नाव निवडावे आणि व्हिडिओ बंद करून पुन्हा लावावा.

चित्र झटके देत चालते, ही तक्रार मात्र नीट समजून घेण्यासारखी आहे. आपल्याकडचे लग्नाचे चित्रीकरण बहुधा सेकंदाला २५ चित्रांचे असते, तर लॅपटॉप टीव्हीला सेकंदाला ६० चित्रे पाठवतो. त्यामुळे काही चित्रे दोनदा आणि काही तीनदा दाखवावी लागतात, आणि कॅमेरा मांडवावरून हळूहळू फिरू लागला की हा असमान ताल डोळ्याला खुपतो. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधील ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये जाऊन रिफ्रेश रेट, म्हणजे पडद्यावरचे चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटते तो आकडा, ५० हर्ट्‌झ केला, की प्रत्येक चित्र बरोबर दोनदा दिसते आणि हालचाल सलग होते. चित्रपट २४ चित्रांचा असेल आणि टीव्हीला चालत असेल, तर २४ हर्ट्‌झ ठेवावे. याउलट रिझोल्यूशन फोर-केवर असताना माऊसचा बाणसुद्धा अडखळत असेल, तर कुठेतरी एचडीएमआयची जुनी १.४ आवृत्ती आहे असे समजावे; त्यातून फोर-के चित्र ३० हर्ट्‌झनेच जाते. रिझोल्यूशन १९२० × १०८० करावे. घरगुती चित्रीकरणाला तेवढे पुरते.

चित्राच्या कडा कापल्या जात असतील, तर टीव्हीच्या पिक्चर मेनूमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ निवडावे.

बिनतारी जोडणीसाठी विंडोज आणि के ही बटणे आहेत, पण जुन्या घरांच्या जाड विटांच्या भिंतींपलीकडून ती टिकत नाही. लॅपटॉप टीव्हीच्याच खोलीत आणावा. तेही जमले नाही, तर चित्रीकरण पेनड्राइव्हवर घ्यावे. मात्र तो फॅट३२ या फाइली साठवण्याच्या जुन्या पद्धतीचा असेल, तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल त्यावर उतरत नाही. टीव्हीला चालत असल्यास तो एक्सफॅट या नव्या पद्धतीत फॉरमॅट करावा, पण त्याने सगळे पुसले जाते, म्हणून त्यावरचे जुने फोटो आधी लॅपटॉपमध्ये उतरवून घ्यावेत.